डावा पाय (लघुपटाचं निवेदन)

नवी मुंबईतलं नेरूळ, सकाळचे सहा. मैदान अजून रिकामं आहे, म्हणून पोरांना फुटबॉल शिकवणारे सर घाईत आहेत. आठच्या सुमारास टेनिस बॉल क्रिकेटवाले येतील, रविवारी तर त्याहूनही आधी. मग फुटबॉलला कोपराही उरत नाही.

मैदान नीट बघा. मधोमध सिमेंटचं पिच, भोवती खडी, गवत नावाला. सर म्हणतात, ज्याला इथे बॉल थांबवता आला त्याला कुठेही जमेल. असेल. पण गुडघे सोलायचे ते सोलतातच.

या फोटोत मागच्या रांगेत, डावीकडून दुसरे, मिशीवाले ते सर. लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचे बचावपटू. एका बँकेच्या संघातले पगारी खेळाडू. सकाळी सराव, दुपारी काउंटर, मॅच असली की मुंबईतलं कूपरेजचं फुटबॉल मैदान. तेव्हा मुंबईच्या फुटबॉलला असे ऑफिसांचे संघच पोसायचे. पुढे खेळाडूंची भरती आटली. राष्ट्रीय लीग जिंकलेल्या महिंद्र युनायटेडनेही २०१० साली गाशा गुंडाळला. सरांचा गुडघा त्याआधीच गेला होता. कोचिंगचं लायसन्स त्यानंतरचं.

आता निळ्या बिबमधल्या, म्हणजे टीशर्टवर निळी बंडी चढवलेल्या, या मुलाकडे बघा. पास उजवीकडून येतोय. बॉल पोचायच्या आत मान वळवून मागे कोण आहे ते बघायचं, मग लांबच्या, म्हणजे डाव्या पायाची आतली बाजू उघडायची. टच असा, की बॉल पायात अडकता कामा नये, दोन पावलं पुढे जायला हवा. चुकला. परत. वय बाराच्या आत, म्हणून बॉल चार नंबरचा. नव्या मुलाला महिनाभर हेच, मॅच नाही. पालक कुरकुरतात.

(इथे सरांचाच आवाज राहू दे.)

"अरे, मान वर! बॉल कुठे पळून जात नाही!"

वरून दिसतंय ते डी. वाय. पाटील स्टेडियम. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात स्पेन आणि मालीची सेमीफायनल इथे झाली, २०२२ मध्ये मुलींची फायनलही. तेही नेरूळमध्येच. पण पोरांनी रोज खेळायचं कुठे? टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान, तासाच्या भाड्यावर मिळतं, ते सरांच्या बऱ्याच मुलांना झेपत नाही. सेक्टरच्या मैदानाला पैसे पडत नाहीत. तिथे फुटबॉलला सकाळचे दोन तास राखून द्यायला काय हरकत आहे?

सरांच्या हाताखालची काही मुलं जिल्ह्याच्या संघात गेली, एकाला खेळावर नोकरी लागली.

नवरात्रात मैदान मंडळाकडे जातं. सर वाद घालत नाहीत. मांडवाचे बांबू रोवले, की ड्रिबलिंगसाठी मांडायचे प्लॅस्टिकचे शंकू पिशवीतच राहतात आणि पोरं बांबूंमधून ड्रिबल करतात.