साडेसोळा मिनिटं

(बॉब डिलनच्या ‘हायलँड्स’ या गाण्यावरच्या चित्रफितीचं निवेदन)

ही जुनी तबकडी पाहा. मिनिटाला 78 फेरे. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं मावतं. सुई मधल्या लेबलापाशी आली की गायकाला थांबावंच लागतं, सांगायचं कितीही उरलेलं असो.

हे डॉकरी फार्म्स. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या मिसिसिपी डेल्टातला कापसाचा मळा. कोठारावर 1895 हे साल अजून वाचता येतं. ब्लूज गायक चार्ली पॅटन या मळ्यावर राहिला, इथेच गिटार शिकला. नाचाच्या रात्री गाणं हवं तितकं लांबवता यायचं. 1929 साली त्याचं ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि तेच गाणं तीन मिनिटांत कोंबावं लागलं.

आता गिटारवरच्या या बोटांकडे पाहा. एवढासाच तुकडा. संपला की पुन्हा पहिल्यापासून.

(निवेदन थांबतं. फक्त गिटार.)

पॅटनच्या एका जुन्या तबकडीवरचा असाच तुकडा अमेरिकन गीतकार-गायक बॉब डिलननं कित्येक वर्षं मनात जपला होता. जानेवारी 1997 मध्ये, मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत, वयाच्या 55व्या वर्षी त्यानं त्यावर ‘हायलँड्स’ हे गाणं उभं केलं. 16 मिनिटं 31 सेकंद. वीस कडवी. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या 1789 सालच्या गीतातली ‘माझं मन हायलँड्समध्ये’ ही ओळ फिरून फिरून येते, पण तिच्यापुढचे शब्द दर वेळी नवे. लय वाढत नाही, आवाज चढत नाही. विलंबित ख्याल ऐकताना ‘हे संपणार कधी’ असं जाणकार विचारत नाही. ठेका चालू असतो, तो आपणही धरून बसायचा असतो. इथेही तसंच बसायला हवं.

हे बॉस्टनमधलं एक हॉटेल. गाण्यातलं नव्हे, पण तसंच रिकामं. गाण्याच्या मध्यावर डिलन अशाच एका हॉटेलात शिरतो. सुट्टीचा दिवस, आत वेट्रेसशिवाय कुणी नाही. उकडलेली अंडी हवीत, तर ती संपलीत. तू चित्रकार आहेस, माझं चित्र काढ, ती म्हणते. वही नाही, तो सांगतो. ती कागदी रुमाल पुढे सरकवते. पेन्सिल कुठे आहे कुणास ठाऊक. ती कानामागची काढून देते. तो चार रेघा मारतो. ती कागद परत भिरकावते: ही मी नाहीच! मग ती जरा आत वळते आणि तो खुर्चीतून हळूच उठून रस्त्यावर येतो. कडव्यांमागून कडवी एवढंच चालतं. रेडिओसाठी कात्री लावायची झाली, तर पहिल्यांदा हेच जाईल. आणि गाण्याचा प्राण इथेच आहे.

ध्वनिमुद्रणाला कीबोर्डवर जिम डिकिन्सन होता. तो सांगायचा, की गाणं झाल्यावर कुणीतरी डिलनला विचारलं, याचं छोटं रूप आहे का? डिलन म्हणाला, हे छोटंच होतं.

सप्टेंबरात ‘टाइम आउट ऑफ माइंड’ या अल्बमच्या शेवटी गाणं आलं. 1998 मध्ये अल्बमला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. पुढे रंगमंचावर हे गाणं मोजक्याच वेळा वाजलं.

मिसिसिपीतल्या होली रिजची ही दफनभूमी. पॅटन 1934 साली गेला. त्याच्या नावाचा हा दगड इथे बसायला 1990 उजाडलं.

(निवेदन संपतं. गिटारवर तोच तुकडा.)