आज हात लावायचा नाही

डिचोलीत मित्राच्या घरी पोचलो तेव्हा बाहेर धो धो पाऊस, लाईट दोनदा जाऊन आलेली, आणि हा दारातच सांगतो, आज सापाला बाहेर काढणार नाही हां, कात टाकायला आलाय.

काचेच्या टाकीत जरा वाकून बघा. हा बॉल पायथन, मूळचा आफ्रिकेतला, बिनविषारी. घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो म्हणून हे नाव. एरवी काळेभोर असणारे डोळे आज दुधाळ निळे झालेत, त्याला धड दिसत नाहीये, अशात उचललं तर तो दचकणारच ना.

शेजारच्या आजी विचारतात, "दूध पितो काय रे?"

"नाय आजी, उंदीर." फ्रीजरमधला उंदीर कोमट पाण्यात गरम करायचा, लांब चिमट्याने द्यायचा आणि मग निदान 2 दिवस हात लावायचा नाही, नाहीतर ओकून टाकतो. एकदा तर 3 महिने तोंडच लावलं नाही, मित्र दर रविवारी काट्यावर त्याचं वजन करत बसायचा, वजन उतरलं नाही म्हणून जीवात जीव.

गोव्याच्या पावसाळ्यात खरी परीक्षा. ओल लागते त्याला, पण खालचा नारळाचा भुसा चिंब आणि टाकी गार झाली की छाती धरते, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतो. म्हणून एक बाजू 32 डिग्री, दुसरी 26, आणि हीटिंग मॅटला थर्मोस्टॅट हवाच, त्याच्याशिवाय मॅट लावून पोट भाजलेले साप बघितले की फार वाईट वाटतं.

आणि कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, दिसलेली धामण किंवा अजगराचं पिल्लू घरी आणायचं नाही म्हणजे नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी सापाचीही 2024 च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, मित्राने ती केलीय.

नऊ दिवसांनी परत गेलो. अख्खी कात एका तुकड्यात, मोज्यासारखी उलटी झालेली. ती उजेडात धरून मित्र आधी डोक्याकडचा भाग तपासतो, डोळ्यांवरच्या दोन्ही चकत्या निघाल्यात का ते. निघाल्यात. मग साबणाने हात धुतो, उंदराचा वास राहिला तर हातच भक्ष्य वाटायचं. वरून झडप घालत नाही, बाजूने हात नेतो, एक हात मध्याखाली, दुसरा शेपटीकडे, डोकं मोकळं.

साप जीभ बाहेर काढतो, मनगट हुंगतो आणि सावकाश बाहीत शिरतो.