टाके ओले असताना घरी जाताना

नमस्कार श्रोतेहो. सिझर होऊन दोन दिवस झाले की बाळंतीण हळूच विचारते, “सिस्टर, आज सोडाल का हो?” थोरलं लेकरू आजीपाशी रडत असतं, नवऱ्याचे खाडे होत असतात, वॉर्डात डोळ्याला डोळा लागत नाही. प्रसूती कक्षात इतकी वर्षं काढल्यावर मी याला हट्ट म्हणत नाही. ब्रिटनमध्येही ताप नाही, गुंतागुंत नाही, घरी येऊन तपासणारं कुणी आहे, अशा बाईला २४ तासांनंतर घरी जाता येतं. खर्चापायी मात्र घाई करू नका. सरकारी रुग्णालयात सिझरनंतर ७ दिवसांपर्यंतचं जेवण आणि घरी सोडणारी गाडी, दोन्ही मोफत आहेत.

वॉर्डात कुणी ना कुणी येऊन बीपी बघतं, पॅड बघतं, टाके बघतं. घरी हे कोण बघणार? बाळंतिणीचं बीपी बहुधा तिसऱ्या ते सहाव्या दिवसात सगळ्यांत वर जातं. बाळाची कावीळही त्याच सुमारास चढते.

एक सासूबाई मला फार आठवतात. सून चौथ्या दिवशी घरी गेली, रात्री डोकं ठणकतंय म्हणाली. सासूबाई बाम चोळून गप्प बसल्या नाहीत. “डोळ्यांपुढे अंधारी येते का गं?” असं विचारलं आणि लगेच १०८ ला फोन केला. बीपी खूपच चढलं होतं, वेळेत आली म्हणून सून वाचली. निघताना सिस्टरनं दाराशी थांबवून सांगितलेलं त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

तुम्हीही लक्षात ठेवा. थंडी वाजून ताप, तासाभरात भिजणारं पॅड, टाक्यांतून पू, एकाच पायाच्या पोटरीला सूज, दम लागणं, बाळानं दूध सोडणं किंवा सुस्त पडणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. टाक्यांवर तेल नको. आणि बाळंतिणीचं पाणी तोडू नका हो, ती दूध पाजते आहे! डिंकाचा लाडू खुशाल द्या, पण सोबत तांब्याभर पाणीही द्या. खोलीत धुरी कोंडू नका. तिला थोडं थोडं चालू द्या. बाळाहून जड काही उचलू देऊ नका.

आणखी एक. सिझर झालेल्या बाळंतिणीकडे आशाताईंची पहिली ठरलेली फेरी सातव्या दिवशी असते. तिसऱ्या दिवशी घरी गेलात तर नेमके जोखमीचे दिवस मधे मोकळे पडतात. म्हणून गाडीत बसण्याआधीच आशाताईंना फोन करा, “ताई, आम्ही आज निघतोय, उद्या याल का?”