किती पानं?

(दृश्य: रात्रीचं वानखेडे. दिवे अजून चालू आहेत. खुर्च्यांच्या रांगांमधून झाडू फिरतोय.)

सामना संपलाय. गर्दी चर्चगेटच्या दिशेने ओसरतेय. आत आता सफाईची माणसं आहेत आणि मोठाल्या काळ्या पिशव्या. या पिशव्यांत पाण्याचे ग्लास पडतात, कागदी प्लेटा पडतात, अर्धा खाऊन ठेवलेला समोसा पडतो. त्याच पिशव्यांत स्टॉलच्या मागच्या बाजूने ट्रेच्या ट्रे रिकामे होतात. त्यातल्या पदार्थांना अजून कुणाचा हातही लागलेला नसतो.

आपल्याकडे यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. उष्टं आणि उरलेलं. पानात राहिलं ते उष्टं, पातेल्यात राहिलं ते उरलेलं. घरात लहान पोरसुद्धा त्यांची गल्लत करत नाही. उष्टं गुरांना जातं, खताला जातं. उरलेलं झाकून ठेवतात आणि सकाळी त्याचा फोडणीचा भात होतो. स्टेडियममध्ये मात्र दोन्ही एकाच पिशवीत पडतं आणि एकदा पडलं, की पुन्हा वेगळं काढता येत नाही.

आम्ही बोलणार आहोत ते उरलेल्याबद्दल.

(दृश्य: गावातलं कबड्डीचं मैदान. चुलवणावर मोठं पातेलं. आचारी तांदूळ धुतोय.)

गावच्या कबड्डी स्पर्धेतला आचारी तांदूळ टाकण्याआधी एकच प्रश्न विचारतो. किती पानं? कुणीतरी मैदानावर जाऊन मोजून येतं. अमुक गावचा संघ आलाच नाही, तमुक गावचे दहा जण जास्त आलेत. आकडा पक्का नसेल तर आचारी निम्मे तांदूळ आधी टाकतो आणि बाकीच्या तांदळासाठी आधण तयार ठेवतो. पहिली पंगत उठली, की पुढचा अंदाज येतो. शिजवणारा आणि जेवणारा एकमेकांना दिसत असतात, हे या व्यवस्थेचं सगळं बळ.

मोठ्या स्टेडियममध्ये ते एकमेकांना दिसत नाहीत. अन्न शिजतं दूरच्या स्वयंपाकघरात, मागणी नोंदवली जाते कित्येक दिवस आधी आणि ती नोंदवणारा माणूस त्या दिवशी मैदानावर असेलच असं नाही. मग काय होतं, ते जगाने टोकियोत पाहिलं.

(दृश्य: टोकियोचं राष्ट्रीय स्टेडियम. रिकाम्या खुर्च्या.)

2021 चा जुलै. करोनामुळे ऑलिंपिक एक वर्ष उशिरा होतंय. 8 जुलैला निर्णय झाला, की टोकियोतल्या स्पर्धा प्रेक्षकांविना होतील. पण प्रेक्षक नसले तरी स्वयंसेवक होते, कर्मचारी होते. त्यांच्यासाठी बेन्तो यायचे. बेन्तो म्हणजे कप्प्याकप्प्यांचा बंद डबा. भात, माशाचा किंवा मांसाचा तुकडा, भाजी, लोणचं. निगुतीने भरलेला, झाकण लावलेला.

23 जुलैला, उद्घाटनाच्या दिवशी, या स्टेडियमसाठी साधारण 10,000 जेवणं मागवली होती. त्यातली सुमारे 4,000 कुणी उघडलीसुद्धा नाहीत.

डबे टाकून दिले जाताना टीबीएस या जपानी वाहिनीने दाखवलं आणि लोक हळहळले, चिडले. आयोजकांनी माफी मागितली. पुढे त्यांनीच हिशेब मांडला. 3 जुलै ते 3 ऑगस्ट या एका महिन्यात, स्पर्धेच्या 42 ठिकाणांपैकी 20 ठिकाणी मिळून सुमारे 1,30,000 जेवणं वाया गेली. मागवलेल्या दर चार डब्यांतला एक. किंमत 11 कोटी येनहून जास्त. डब्यांतल्या अन्नाचं पशुखाद्य झालं, बायोगॅस झाला. मातीत पुरण्यापेक्षा हे नक्कीच बरं. पण तो भात माणसासाठी शिजवला होता, आणि तो चांगला होता.

हे जपानमध्ये घडावं याचं आम्हाला जास्त वाईट वाटलं. तिथे 'मोत्ताइनाई' असा शब्द आहे. वस्तू वाया जाताना मनाला जी टोचणी लागते, ती त्या एका शब्दात मावते. शितं सांडली की आपली आजी ज्या सुरात 'अरेरे' म्हणते, तोच सूर. अन्नाची नासाडी कमी करण्यासाठी तिथे 2019 मध्ये स्वतंत्र कायदा झाला होता. खुद्द ऑलिंपिकच्या आराखड्यातही तसं वचन होतं. संस्कार होता, कायदा होता, शिस्तीत तर त्या देशाचा हात कुणी धरणार नाही. मग चुकलं कुठे?

चुकलं मागणीच्या कागदावर. प्रेक्षक येणार नाहीत म्हटल्यावर कित्येक स्वयंसेवकांचं कामच उरलं नाही, पाळ्या बदलल्या. डब्यांचा आकडा मात्र त्या वेगाने खाली आला नाही. कमी पडू नये म्हणून जास्तच मागवलं होतं. त्यात जुलैचा उकाडा, आणि बेन्तो तयार झाल्यापासून काही तासांत खायचा असतो. तो दुसऱ्या कुणाच्या मुखी पडावा तर त्यासाठी गाडी, माणूस आणि पत्ता त्या दुपारीच हाताशी हवा. ती सोय नव्हती.

(दृश्य: पुन्हा वानखेडे. धावफलक.)

आपल्या मैदानांवर अंदाज चुकण्याची आणखी एक जागा आहे, ती म्हणजे खुद्द खेळ. 2 नोव्हेंबर 2023, विश्वचषकाचा सामना, भारत विरुद्ध श्रीलंका. भारताने 8 बाद 357 धावा केल्या आणि श्रीलंकेचा डाव 19.4 षटकांत 55 धावांवर आटोपला. शमीने 18 धावांत 5 बळी घेतले. आपण सगळे नाचलो. आता तीच संध्याकाळ खाद्यपदार्थांच्या स्टॉलवरून बघा. माल 100 षटकांच्या हिशेबाने भरायचा असतो आणि सामना 70 षटकांतच संपतो. रात्रीच्या जेवणाची वेळ होता होता गिऱ्हाईक घराकडे निघालेलं असतं.

ट्वेन्टी-20 मध्ये अडचण निराळी. दोन डावांच्या मध्ये मिळतात 20 मिनिटं. तेवढ्या वेळात हजारो माणसं एकदम उठतात, म्हणून वडे आधीच तळून ठेवावे लागतात. त्या 20 मिनिटांत खपलं ते खपलं. वरच्या मजल्यावर, पाहुण्यांच्या बंद कक्षांत, बुफे असतो. तिथे भांड्याचा तळ दिसला तर यजमानाला कमीपणा वाटतो, म्हणून शेवटच्या पाहुण्यासमोरही भांडं भरलेलं लागतं. आमच्या मते सगळ्यात सहज थांबवता येईल अशी नासाडी हीच आहे. पंगतीत वाढपी 'अजून घ्या' म्हणतो तो आग्रह समोरच्या माणसाला असतो. इथे आग्रह कुणाला, रिकाम्या खुर्च्यांना?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार 2022 मध्ये जगभरात 105 कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं 28 टक्के हॉटेलं, खानावळी, केटरिंग अशा ठिकाणी. स्टेडियमचं अन्न त्यातच आलं.

(दृश्य: ट्रेमध्ये ठेवलेले समोसे. बाजूला तापमापक.)

आता या ट्रेकडे नीट बघा. 2016 च्या घनकचरा नियमांनी सांगितलं, की ओला आणि सुका कचरा जागेवरच वेगळा करायचा. त्या नियमाच्या नजरेत हे समोसे म्हणजे ओला कचरा. 2019 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियम आले, जादा अन्न गोळा करून वाटण्याबद्दलचे. त्यांच्या नजरेत हेच समोसे म्हणजे अन्न. फक्त ते सुरक्षित असलं पाहिजे, त्यावर पदार्थाचं नाव पाहिजे, शाकाहारी की मांसाहारी याची खूण पाहिजे, कधीपर्यंत खायचं ते लिहिलेलं पाहिजे. म्हणजे एकच समोसा, कागदाची एक चिठ्ठी लागली तर अन्न, नाही लागली तर कचरा.

आणि घड्याळ. 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. मे महिन्यातली मुंबईची रात्र नेमकी त्या पट्ट्यात बसते. 'उरलं तर देऊ कुणाला तरी' असं म्हणून रात्री अकरापर्यंत झाकून ठेवलेलं अन्न देण्यासारखं राहत नाही. ज्याच्याकडे दुसरं काही नाही त्याच्या पानात शंकेचं अन्न वाढणं, हे आम्हाला टाकून देण्यापेक्षाही वाईट वाटतं.

(दृश्य: रिओचा लापा भाग. लांब टेबलं, मांडलेली ताटं.)

रिओत, 2016 च्या ऑलिंपिकच्या वेळी, काही लोकांनी उलट्या बाजूने सुरुवात केली. इटलीचे शेफ मास्सिमो बोत्तूरा आणि ब्राझीलचे डेव्हिड हर्ट्झ यांनी स्पर्धा सुरू असतानाच लापा भागात एक भोजनगृह उघडलं. रेफेत्तोरिओ गास्त्रोमोतिव्हा. जे जिन्नस वापराविना राहून टाकले गेले असते, ते इथे आणायचे, नव्याने शिजवायचे आणि बेघरांना जेवू घालायचं. रांगेत उभं करून नाही. टेबलावर बसवून, ताट मांडून, स्वयंसेवकांनी वाढून. ऑलिंपिक संपलं, खेळाडू परत गेले, ते भोजनगृह मात्र चालू राहिलं.

पॅरिसमध्ये टेनिसची फ्रेंच ओपन स्पर्धा होते तेव्हा तिथलं न खपलेलं अन्न गोळा करायला एका संस्थेच्या थंडाव्याच्या गाड्या येतात. न्यायचं कुठे, ते गाडी निघण्याआधीच ठरलेलं असतं.

मुंबईतही हात आहेत. माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनी डबेवाल्यांना सोबत घेऊन रोटी बँक सुरू केली. 2014 मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या रॉबिन हूड आर्मीची तरुण मुलं पैसे न घेता आणि न देता, फक्त अन्न इकडून तिकडे पोचवतात. अंतर तर काहीच नाही. वानखेडेच्या भिंतीपासून काही मिनिटांवर पदपथावर माणसं झोपलेली असतात. सामन्याचा आवाज त्यांना ऐकू येतो.

(दृश्य: दुसरा डाव सुरू आहे. स्टॉलमागे एक मुलगी वहीत आकडा लिहितेय.)

करायचं ते तसं लहान आहे. ट्वेन्टी-20 सामना असेल तर दुसऱ्या डावाच्या दहाव्या षटकाला प्रत्येक स्टॉलने मोजायचं. काय गरम आहे, काय बंद पाकिटात आहे, काय आता तळायचंच नाही. जे द्यायचं ते तेव्हाच वेगळ्या डब्यात, चिठ्ठी लावून, गरम असतानाच. पंधराव्या षटकाला गाडी दारात उभी हवी. शेवटचा चेंडू पडल्यावर तिला बोलावलं तर गर्दीतून ती आत येऊच शकत नाही.

आणि त्या गाडीचा पास सामन्याच्या रात्री मिळत नाही. तो आदल्या आठवड्यात काढावा लागतो, केटररचा पास काढतात तेव्हाच, त्याच टेबलावर.