डंपर मोजायचे की खड्डा?

(दृश्य: पहाट. पोकलेन माती उपसतोय. कडेला डंपरची रांग.)

पायाची खोदाई सुरू आहे. भरून निघालेला प्रत्येक डंपर सुपरवायझर वहीत टिपतो आणि संध्याकाळी बेरीज मांडतो: आज एवढी माती काढली. महिनाअखेरीस बिल बनतं तेव्हा आकडा मात्र बराच कमी भरतो. मोजायला कुणी चुकलेलं नसतं.

जमिनीतून काढलेली माती फुगते. वाळू-खडी साधारण १० ते १५ टक्के, चिकणमाती ४० टक्क्यांपर्यंत, फोडलेला खडक त्याहूनही जास्त. ब्रिटिश मोजमापाच्या नियमांत खोदाई धरतात ती जागेवरच्या मापाने, फुगवटा न धरता. म्हणजे पैसे मिळतात ते खड्ड्याचे. फुगलेली माती वाहून नेण्याचा खर्च दर भरतानाच त्यात बसवायचा असतो.

साइटवर दहा-बारा वर्षं काढलेल्या माणसाला माती फुगते हे कुणी शिकवायला नको. पण ही गोष्ट दराच्या रकान्यात कुठे बसते, हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं. त्याची बढती बरेचदा इथेच अडते.

(दृश्य: रात्र. टेबलावर लॅपटॉप, शेजारी हेल्मेट.)

सर्व्हेअर म्हटलं की डोळ्यांसमोर तिपाईवरचं यंत्र येतं. बांधकामात मात्र आणखी एक सर्व्हेअर असतो, क्वांटिटी सर्व्हेअर. परिमाणं काढणं, दर ठरवणं, करार सांभाळणं, वाढीव कामाचा हिशेब लावणं आणि शेवटचं बिल मिटवणं हे त्याचं काम. या विषयातली पदव्युत्तर पदवी नोकरी न सोडता, दूरशिक्षणाने करता येते. दुसऱ्या शाखेच्या पदवीधरांना घेणारे अभ्यासक्रमही आहेत.

आता तासांचं बोलू, कारण प्रवेश घेताना ते कुणी नीट मोजत नाही. इंग्लंडमधली मास्टर्स पदवी १८० क्रेडिटची असते आणि एक क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे १० तास. एकूण १,८०० तास. दोन वर्षांत वाटले तर आठवड्याला १७ तासांहून थोडे जास्त, तेही एकही आठवडा न चुकवता. स्लॅबच्या दिवशी रात्री दहाला घरी आलेल्या माणसाकडून त्या दिवशी काहीच वाचून होणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. म्हणून संस्था मुभा देत असेल तर तीन वर्षं घ्यावीत, असं आम्हाला मनापासून वाटतं. आणि घरच्यांशी हे प्रवेशाआधीच बोलून घ्यावं. रविवार त्यांचेही जाणार असतात.

एवढा त्रास घेऊन हातात काय येतं?

(दृश्य: अर्धवट उभे कॉलम, थांबलेलं काम.)

एक उदाहरण घ्या. ड्रॉइंग यायला उशीर झाला. माणसं बसून, यंत्रं उभी. उशीर कुणामुळे झाला हे साइटवर सगळ्यांना माहीत आहे. बैठकीत साहेबही ‘बघू, देऊ’ म्हणाले आहेत. पण फिडिक, म्हणजे सल्लागार अभियंत्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, याच्या अनेक देशांत वापरल्या जाणाऱ्या बांधकाम करारात एक कलम आहे: अशा घटनेची जाणीव झाल्यापासून, किंवा व्हायला हवी होती तेव्हापासून, २८ दिवसांत ठेकेदाराने लेखी सूचना द्यायची. मुदत टळली की वाढीव वेळेचा आणि पैशाचा हक्क गमावण्याची वेळ येते. तोंडी शब्दावर विसंबलेल्या ठेकेदाराचा नफा एकोणतिसाव्या दिवशी असा बुडू शकतो.

हे कलम वर्गात बसून शिकणारा विद्यार्थी पाठ करतो. साइटवर काम करता करता शिकणारा ते रात्री वाचतो आणि सकाळी साइट डायरी उघडून तारखा तपासतो. दूरशिक्षणाचं खरं बळ आम्हाला इथे दिसतं. पुस्तकातली दिरंगाई त्याच्या डोळ्यांसमोर घडत असते.

(दृश्य: कागदपत्रांची फाइल, सह्या.)

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. पदवी मिळाली म्हणजे चार्टर्ड सर्व्हेअर झालो, असं होत नाही. ती ओळख देते १८६८ साली लंडनमध्ये स्थापन झालेली रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेअर्स. तिथे क्षमता तीन पायऱ्यांवर पाहतात: विषय समजतो का, तो कामात वापरलाय का, आणि त्याच्या आधारे दुसऱ्याला कारणांसह सल्ला दिलाय का. पहिली पायरी पदवीने चढता येते. पुढच्या दोन कामाच्या जागीच चढायच्या, आणि त्यानंतर परीक्षकांसमोर मुलाखत. म्हणून फी भरण्याआधी अभ्यासक्रमाला या संस्थेची मान्यता आहे का, हे स्वतः तपासा. आणि वरिष्ठांकडे फक्त फीची मदत मागू नका. दर काढण्याच्या कामात, बिलांच्या बैठकीत बसू द्या, असंही सांगा.

(दृश्य: पुन्हा पहाट. मोकळी जमीन. पोकलेन अजून बंद.)

नवी साइट. तोच सुपरवायझर आज तासभर आधी आलाय. खोदाई सुरू होण्यापूर्वी तो जमिनीच्या पातळ्या घेतोय, कारण एकदा खोदलं की मूळ जमीन पुन्हा मोजता येत नाही. दोन्ही बाजूंच्या सह्या होतात, कागद फाइलला लागतो. मग तो पोकलेनवाल्याला हात करतो.