जून उजाडला की काका बर्फात जातात

(हर्णै बंदर, संध्याकाळ. बर्फाची लादी मशीनच्या तोंडात सरकते.)

हा आवाज हर्णैत वाढलेला माणूस झोपेतही ओळखेल. लादी आत पडते, कडकडते आणि भुगा होऊन टोपलीत येते. तिथून होडीच्या पोटात, सुरमई-पापलेटच्या थरांमध्ये. आमच्याकडे बर्फाची ओळख एवढीच. मासा टिकवायचा म्हणून विकत घ्यायचा.

आमचे काका मात्र वर्षातले चार महिने अशा ठिकाणी काढतात, जिथे बर्फ फुकट आहे आणि त्याला वचकून राहावं लागतं.

जून लागला की इथली मासेमारी बंद. होड्या वर ओढून शाकारायच्या, जाळी घरात घ्यायची, आणि पावसाकडे बघत बसायचं. नेमक्या त्याच सुमारास नॉर्वेच्याही पलीकडे, स्वालबार्ड बेटांभोवती गोठलेलं पाणी मोकळं व्हायला लागतं. आपला दर्या मिटतो तेव्हा तो उघडतो. काका तिथे पर्यटकांच्या एका लहान जहाजावर सारंग, म्हणजे खलाशांचे म्होरके आहेत. कागदोपत्री ‘बोसन’, पण आजी त्यांना सारंगच म्हणते. तिचे सासरेही सारंग होते.

(नकाशा. हर्णैपासून वर सरकत जाणारी रेघ.)

हर्णै उत्तर अक्षांश १८ अंशांच्या जरासं खाली. स्वालबार्डचं मुख्य गाव लाँगयरब्यन ७८ अंशांवर. तिथे साधारण २० एप्रिलपासून २२ ऑगस्टपर्यंत सूर्य मावळत नाही. पहिल्या वर्षी आजीने फोनवर विचारलं होतं, “तिन्हीसांजेला दिवा लावतोस ना रे?” काका म्हणाले, “आई, इथे तिन्हीसांज होतच नाही.” आजीला ते खोटंच वाटलं. अजूनही थोडं वाटतं.

(काका अंगणात. दोन्ही हात पुढे करून कॅमेऱ्यामागच्या माणसाला काही दाखवतायत.)

किनाऱ्यावर धक्का नसतो. जहाज लांब उभं करायचं आणि माणसं रबरी होड्यांतून न्यायची. त्या होड्यांना तिथे झोडिअ‍ॅक म्हणतात. काका जहाजाच्या दारात उभे राहून माणसं होडीत उतरवतात. पंजा पकडायचा नाही, ओला पंजा निसटतो. तुम्ही माझं मनगट धरा, मी तुमचं धरतो. एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते. हे त्यांना कुठल्याही प्रशिक्षणात शिकावं लागलं नाही. कमरेएवढ्या पाण्यात होडीतून उतरताना त्यांचे वडील असाच हात द्यायचे. फरक पाण्याचा. खारं पाणी उणे १.८ अंशांच्या आसपास गोठतं, आणि काकांच्या होडीखालचं पाणी त्याहून फार गरम नसतं. त्यात पडलेल्या माणसाचे हात काही मिनिटांत कामाचे राहत नाहीत.

उतरण्याआधी प्रत्येकाचे बूट ब्रशने घासून जंतुनाशकात बुडवायचे. बाहेरचं बी नको, माती नको. वाटाड्यांच्या खांद्याला रायफल असते, कारण पांढरं अस्वल कुठूनही येऊ शकतं. अर्थात ती झाडायची वेळ येऊ न देणं हेच त्यांचं खरं काम. २०२५ पासून नियम आणखी कडक झालेत. अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहायचं, १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. संरक्षित भागात २०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला प्रवेश नाही. लाखो रुपये मोजून आलेली माणसं मग दुर्बिणीतून एक पिवळसर ठिपका बघतात. काकांना त्याचं हसू येतं. मला नियम बरोबर वाटतो.

(निळसर हिमखंड. आवाज नाही.)

लादीचा बर्फ मधोमध पांढरा असतो, कारण गोठताना हवा तिथे अडकते. हिमनदीचा बर्फ निळा. वर्षानुवर्षं बर्फावर बर्फ पडून तो इतका दाबला जातो की हवेचे बुडबुडे अगदी बारीक होतात. उजेड खोल शिरतो, तांबडा रंग आतच शोषला जातो, निळा बाहेर येतो. असा तुकडा समुद्रात वितळायला लागला की कोंडलेली हवा फुटते. इंजिन बंद केलं की ऐकू येतं.

“आवाज कसा म्हणशील,” काका सांगतात, “तर तापल्या तेलात ओला बोंबील सोडल्यासारखा. सगळ्या खाडीभर.”

ते फ्योर्डला खाडीच म्हणतात. चूक नाही, फक्त ही खाडी हिमनदीने कोरलेली. वरून सुटणाऱ्या बोचऱ्या वाऱ्याला म्हणतात मतलई. तोही जमिनीवरून समुद्राकडेच येतो.

एक गोष्ट मात्र त्यांनी हसत सांगितली नाही. हिमनदीजवळ जाताना जहाज कधीकधी चालण्याइतक्या वेगाने सरकतं. नकाशावर त्या जागी बर्फ दाखवलेला असतो आणि जहाज तर पाण्यावर असतं. हिमनदी मागे हटली, खालचा तळ अजून कुणी मोजलेला नाही. रडारवर नीट न उमटणारे, पाण्याच्या पातळीलाच तरंगणारे बर्फाचे तुकडे वेगळेच. तेव्हा पुढे उभं राहून डोळ्यांत तेल घालून बघायचं. उपग्रहांच्या १९७९ पासूनच्या नोंदींत आर्क्टिकचा समुद्री बर्फ सर्वांत कमी झाला तो सप्टेंबर २०१२ मध्ये, सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर. म्हणजे अकरा महाराष्ट्र. वाचायला पुष्कळ वाटतं, पण ऐंशीच्या दशकात सप्टेंबरात त्याच्या जवळपास दुप्पट असायचा. आणि तो सरण्याआधी बघून घ्यावा म्हणून लोक तेल जाळणाऱ्या जहाजाने जातात. जड तेलाला स्वालबार्डच्या पाण्यात २०२२ पासून बंदी आहे हे खरं, पण हलकं तेलही तेलच.

(जुनी मोबाइल छायाचित्रं. लाकडी घरं, एक पाटी.)

नी-ओलेसुंद हे स्वालबार्डमधलं संशोधकांचं छोटं गाव. तिथे पोचायच्या आधीच सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर. तिथल्या दुर्बिणी रेडिओलहरी टिपतात, त्यांत खरखर नको. तिथेच २००८ पासून भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आहे. ते चालवणारी संस्था गोव्यात वास्कोला. म्हणजे आपल्याच किनाऱ्यावर, चार खाड्या ओलांडल्या की आलीच. काकांनी पाटीसमोर फोटो काढून घेतला. देव्हाऱ्याशेजारी लावलाय.

नारळी पौर्णिमा दरवर्षी तिकडेच येते. एका वर्षी एकाने सुटकेसमधून नारळ नेला होता. पण त्या पाण्यात काही टाकायचं नाही, हा जहाजाचा नियम. मग स्वयंपाकघरात फोडला. गोव्याचा आचारी, दोन फिलिपिनो आणि काका, असं चौघांत खोबरं वाटलं. दर्याला नुसता नमस्कार.

(पुन्हा बंदर. लिलाव संपत आलाय.)

आत्ता डिसेंबर आहे. तिकडे दिवसभर काळोख. काका मशीनजवळ पडलेला लादीचा एक तुकडा उचलतात, चहावाल्याकडून पाण्याचा ग्लास मागून घेतात, तुकडा त्यात सोडतात आणि कान लावतात.

“नाय,” म्हणतात, आणि ते पाणी पिऊन टाकतात.