रॉकेलवर पळणारी मोटारसायकल

मघाशी चहाच्या वेळी एक मुलगा विचारत होता, "काका, हेलिकॉप्टरच्या इंजिनाची बाइक आपल्या ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बनेल का?" आजचं बाकीचं बाजूला ठेवून त्यावरच बोलतो.

माझी सगळी नोकरी जुहूला गेली, हेलिकॉप्टरच्या इंजिनांवर. २००० साली अमेरिकेतल्या लुइझियानात एमटीटी कंपनीनं अशी मोटारसायकल काढली. इंजिन अ‍ॅलिसन २५०, म्हणजे बेल जेटरेंजर हेलिकॉप्टरमधलं. वजन साठ-पासष्ट किलो, दोन माणसं उचलतील. ताकद सुमारे ३२० हॉर्सपॉवर. आपल्या बुलेटची वीस! मोह पडणारच.

पण ते सुरू करणं म्हणजे आजीचा पंपाचा स्टो पेटवणं. (विमानाचं इंधन म्हणजे तरी काय, शुद्ध केलेलं रॉकेलच.) बर्नर तापायच्या आत पंप मारला की भडका छताला. इथं आधी स्टार्टरनं कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून आत ढकलणारा पंखा, फिरवायचा, पुरेशी हवा आत आली की मगच तेल सोडायचं. बॅटरी मरगळलेली असेल तर हवा कमी पडते, तेल तेवढंच जातं, आणि ज्वाळा टर्बाइनची, म्हणजे गरम वायूनं फिरणाऱ्या चक्राची, पाती चाटते. आम्ही त्याला हॉट स्टार्ट म्हणायचो. तापमानाचा काटा सरसर चढताना मी एकदा पाहिलाय. तेल तोडायचं, पण स्टार्टर सोडायचा नाही. आतली आग हवेनंच बाहेर काढायची. काटा खाली येईपर्यंत शेजारचा माणूस श्वाससुद्धा घेत नव्हता.

आता चालवणं. चालत्या टेबलफॅनसमोर कागदाची भिंगरी धरा. भिंगरी बोटानं अडवली तरी पंखा थांबत नाही. या इंजिनात कॉम्प्रेसर फिरवणारं टर्बाइन निराळं आणि चाकाला ताकद देणारं निराळं, मध्ये फक्त गरम वायू. म्हणून सिग्नलला ब्रेक दाबून उभं राहता येतं. चेतक हेलिकॉप्टरच्या इंजिनात दोन्ही एकाच शाफ्टवर असतात, त्यामुळे भंगारात ते मिळालं तरी घेऊ नका.

खरी पंचाईत पुढे आहे. पूर्ण जोरात कॉम्प्रेसरचे मिनिटाला पन्नास हजार फेरे होतात. थ्रॉटल सोडला तरी ते उतरायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ गाडी ढकलतच राहते. इंजिन ब्रेकिंग, म्हणजे थ्रॉटल सोडला की इंजिननंच गाडी आवरणं, नावाला नाही. हेलिकॉप्टरला त्याचं काही वाटत नाही, कारण तिथं पंखा एकाच गतीनं फिरतो, फक्त पात्यांचा कोन बदलतो. घोडबंदर रोडवर मात्र दर खड्ड्याला गती बदलावी लागते.

तर बाळा, चेसिस, ब्रॅकेट, गिअर वागळे इस्टेटमधले टर्नर करून देतील, त्यांच्या हातांबद्दल शंका नाही. आरटीओचं तू बघ. पण एक ऐकून ठेव. अमेरिकेतला टीव्हीवरचा विनोदवीर जे लेनो, त्याच्याकडे ही गाडी आहे आणि तिच्या धुराड्यानं मागच्या गाडीचा बंपर वितळला, असं तो स्वतःच सांगतो. तीन हात नाक्याला तुझ्या मागे रिक्षा असणार. तो रिक्षावाला काय म्हणेल, ते इथं माइकवर सांगता येणार नाही.